भिंतीपलीकडची नेत्रुश्का

गोल्फ रोडच्या सिग्नलला गाडी उभी होती, डावीकडे वळायचा बाण काही केल्या हिरवा होत नव्हता, आणि तेवढ्यात परीक्षितच्या गाडीत एक म्हातारा बोलला. म्हातारा अर्थातच गाडीत नव्हता. शेजारी बसलेल्या नेत्राचा फोन वाजला, तो ब्लूटूथने गाडीला जोडलेला होता, आणि तिने सवयीने स्क्रीनवर बोट टेकवलं, एवढंच. पण आवाज पुढून, मागून, दारांतून, सगळीकडून एकदम आला, आकाशवाणी व्हावी तसा. “नेत्रुश्का!” असं तो आवाज म्हणाला. मग इंग्रजीत म्हणाला की इंडियन स्टोअरमध्ये चाललीच आहेस तर खसखस आण, पांढरी असली तरी चालेल, निळी मिळाली तर देव तुझं भलं करो. आणते, लात्सी बाची, असं नेत्रा म्हणाली, आणि हसली. आता बायकोचं हसणं ही काही दचकण्याची गोष्ट नाही. पण परीक्षितला तिची हसणी पाठ होती. पाहुण्यांसमोरचं, मीटिंगमध्ये म्यूट काढल्यावरचं, आणि त्याच्या विनोदांना मिळायचं ते, जे सगळ्यांत आखूड होतं. हे त्यांतलं नव्हतं. हे कुठून तरी पोटाच्या बाजूने आलं होतं आणि येताना वाटेत कुठेही थांबलेलं नव्हतं. बाण हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. शिकागोजवळच्या या शॉमबर्गमध्ये कोणी हॉर्न दिला म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं.

लात्सी बाची म्हणजे शेजारचे लास्लो. परीक्षित-नेत्राच्या टाउनहाऊसला पाठ लावून उभ्या असलेल्या टाउनहाऊसमध्ये एकटेच राहायचे. वय ऐंशीच्या आसपास, पेशाने दंतवैद्य, आता रिटायर्ड. लहानपणी आईबापांचं बोट धरून हंगेरीतून पळून आले, सगळं आयुष्य शिकागोत लोकांच्या जबड्यांत बघण्यात घालवलं. लास्लोचं लाडाचं रूप लात्सी, आणि बाची म्हणजे काका. हे सगळं नेत्राने त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं आणि त्याने कोणी हवामान सांगावं तसं ते ऐकलं होतं. ती घरून काम करायची, तो ऑफिसला जायचा. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत होती, तीही अमेरिकन, म्हणजे मुख्यतः पुठ्ठ्याची. तिच्यातून पलीकडच्या खुर्चीचं कुरकुरणं ऐकू यायचं. पण त्या भिंतीतून एक अख्खं नाव इकडे आलं, त्याच्या बायकोला येऊन चिकटलं आणि तिने ते अंगाला लावून घेतलं, हे त्याला कळायला गोल्फ रोडचा सिग्नल लागला. प्रतिस्पर्धी त्याच्या वयाचा असता तर गोष्ट सोपी होती. जिम लावली असती, दाढी वाढवली असती, निदान कॅम्पिंगचं सामान तरी घेतलं असतं. खुब्याचा सांधा बदललेल्या, खसखशीसाठी देवाला मधे घालणाऱ्या माणसाशी स्पर्धा करायची तर लावायचं काय?

“तो तुला तसं का म्हणतो?” त्याने स्टोअरच्या पार्किंगमध्ये विचारलं. आवाज सहज ठेवला होता. ट्रॉली ओढताना विचारलं, म्हणजे ट्रॉलीबद्दलच विचारल्यासारखं वाटावं.

“त्यांच्यात म्हणतात,” ती म्हणाली आणि खसखस शोधायला गेली.

त्यांच्यात म्हणतात. मग आपल्यात काय म्हणतात, हा प्रश्न कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी उभं राहून परीक्षितने स्वतःला विचारला, आणि उत्तर आलं ते थेट लग्नाच्या दिवसाचं. नागपूरच्या घरात लक्ष्मीपूजन झालेलं, पाटावर तो आणि नेत्रा, समोर ताटात पसरलेले तांदूळ, आणि गुरुजींनी हातात दिलेली सोन्याची अंगठी. नवऱ्याने बायकोचं नवं नाव त्या तांदळात लिहायचं. आत्या, माम्या, चुलत्या माना पुढे काढून बसलेल्या. त्यांच्या घरात आजवर आलेल्या सगळ्या सुनांची नावं बदलली होती. एक चुलती तर इतकी बदलली होती की माहेरच्या नावाने हाक मारली तर ती दुसऱ्या कोणाला तरी शोधायला जायची. नेत्राने लग्न ठरतानाच सांगितलं होतं, मी नाव बदलणार नाही. परीक्षितने त्या दिवशी अंगठी घेतली, एक छोटा विराम घेतला, आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, नेत्रा. माना आणखी पुढे आल्या. मग एका आतेबहिणीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. त्याच्या बॉसने फोटोखाली बदामाची रांग टाकली होती. पुढे कित्येक दिवस त्याला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं, इतकं की फ्लाइटमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही त्याने ती गोष्ट सांगितली होती. नेत्राचा चेहरा त्या वेळी कसा होता हे मात्र आज कोथिंबिरीपाशी काही केल्या आठवेना. फोटोत ती तांदळाकडे बघत होती. तांदूळ संपल्यासारखी.

नावाच्या बाबतीत परीक्षित आधीपासूनच कडक होता. त्याच्या नावातच परीक्षा होती आणि नोकरीही सॉफ्टवेअर तपासण्याची, त्यामुळे जे आहे ते जसंच्या तसं असावं, असा त्याचा बाणा. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला पेरी केलं, तेव्हा त्याने सगळ्या टीमला उच्चाराचं एक छोटं प्रेझेंटेशन दिलं होतं. तेव्हापासून टीममधले लोक त्याला नावाने हाक मारायच्या आधी एक श्वास घ्यायचे, आणि हळूहळू हाक मारायचीच टाळू लागले. पण हा बाणा अमेरिकेतला नव्हे. लहानपणी तो घरात ढब्बू होता. अंगाने, गालांनी, सर्वार्थाने ढब्बू. “ढब्बू, जेवायला ये,” “ढब्बू, पंखा बंद कर,” अशी आईची हाक गच्चीपर्यंत जायची. इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली त्या संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की यापुढे मला परीक्षित म्हणावं. बाबा हसले, पण आईने मान डोलावली आणि त्या दिवसापासून एकदाही चुकली नाही. आता व्हिडिओ कॉलवर ती म्हणायची, परीक्षित, जेवलास का. बँकेतून फोन आल्यासारखं वाटायचं. ढब्बू हे नाव त्याने नेत्राला आजवर सांगितलं नव्हतं. आईलाही बजावून ठेवलं होतं, आणि आई ही असली गुपितं लॉकरमधल्या दागिन्यांसारखी सांभाळायची.

सोमवारी ऑफिसात त्याने कामाच्या दोन खिडक्यांच्या मागे तिसरी खिडकी उघडली आणि हंगेरियन लोकांच्या लाडाच्या नावांचा अभ्यास सुरू केला. शत्रूच्या शस्त्रागारात शिरल्यासारखं वाटलं, आणि शस्त्रागार भयंकर होतं. त्या भाषेत लाडाच्या नावाने हाक मारायला एक अख्खं स्वतंत्र क्रियापद होतं. नाव घ्यायचं, पहिला तुकडा ठेवून बाकीचं कापून टाकायचं, मागे एक ईकार लावायचा. तेवढ्याने मन भरलं नाही तर पुढूनही एक अक्षर चिकटवायचं. आंद्राशचा आंडी आणि आंडीचा बंडी. आनाची पन्नी. इश्त्वानचा इश्ती, इश्तीचा पिश्ती, पिश्तीचा पिश्ता. वरून आणखी का लावायचा, श्का लावायचा, लावतच राहायचं. राजेमहाराजे, सेनापती, इन्कमटॅक्सवाले, सगळे घरी गेले की बंडी आणि पिश्ता. आनाचं लाडाचं रूप आनिको, ते तर इतकं मोठं झालं की त्याने घर सोडलं आणि सरकारदरबारी स्वतंत्र नाव म्हणून नोंद करून घेतली. नागपुरात पन्नी म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी आणि बंडी म्हणजे भाजीची ढकलगाडी, असं म्हणून त्याने मनातल्या मनात थोडा सूड घेतला, पण त्याने पोट भरेना. मराठीत काय होतं? मराठीत आपण नावाला या लावतो. पक्या, गण्या, सुऱ्या. त्यात प्रेम असतंच, पण ते पाठीत धपाटा घालून दिलेलं असतं. बायकोला धपाटा कसा लावणार? त्याने शंतनूला विचारलं. शंतनू त्याच्याच टीममधला, पुण्याचा, पलीकडच्या डेस्कवरचा. तू बायकोला काय म्हणतोस? शंतनूने बराच विचार केला. यार म्हणतो, तो म्हणाला, मग थोडा अस्वस्थ होऊन म्हणाला, तुलाही यारच म्हणतो की.

त्या आठवड्यात परीक्षितने घरी प्रयोग केले. मंगळवारी तो “नेतू” म्हणाला, तर ती सिंककडे धावली, तिला वाटलं काहीतरी उतू गेलं. बुधवारी त्याने “नेत्रुली” म्हणून पाहिलं, पण शेवटचं अक्षर येईपर्यंत धीर सुटला आणि ते खोकल्यात गेलं. तिने त्याला गरम पाणी आणून दिलं. गुरुवारी तो लवकर घरी आला, तेव्हा ती भिंतीपलीकडे होती. त्याने बॅगही न ठेवता कान भिंतीला लावला. आपण हे करतोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, जसं दुसऱ्याच्या कोडमधली चूक दिसते. भिंत गार होती, तिला रंगाचा वास होता, आणि तिच्या आत कुठेतरी नेत्रा हसत होती, तेच, पोटाच्या बाजूचं. मग म्हातारा काहीतरी म्हणाला आणि शेवटी श्का आलं. परीक्षितला एकदम आठवलं ते शाळेतलं मधल्या सुट्टीतलं. मित्राच्या डब्यात त्याच्या आईने शंकरपाळ्यावर मित्राच्या नावाचं अक्षर काढून दिलं होतं, आणि त्याने स्वतःचा डबा बंद करून ठेवला होता. डब्यात चांगली भरली वांगी होती. पण वांग्यावर अक्षर नव्हतं. कान लाल होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग ती येण्याची चाहूल लागली तेव्हा घाईत भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत असल्याचं दाखवलं. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं.

“काय करतोयस?”

“काही नाही, नेत्रा,” तो म्हणाला.

रविवारी दुपारी लात्सी बाचींनी दोघांना जेवायला बोलावलं, खसखशीच्या गोड गुंडाळ्या झाल्या होत्या म्हणून. परीक्षित पूर्ण तयारीने गेला, म्हणजे इस्त्रीचा शर्ट घातला. म्हाताऱ्याला थंडपणे वागवायचं, फक्त हो आणि नाही म्हणायचं, आणि नेत्रुश्का ऐकू आलं की भुवई उचलायची, असं ठरलं होतं. पण भुवई उचलायला मोकळीकच मिळेना, कारण त्या घरात सगळंच श्का होतं. पोस्टमन रॉबर्ट, तो रॉबी. बर्फ काढायला येणारा धिप्पाड ॲन्ड्रू, तो बंडी. फिजिओथेरपीवाली ॲना, ती पन्नी, आणि तिला ते आवडायचं म्हणे. कुत्रा नव्हता, पण मेलेल्या कुत्र्याची तीन रूपं भिंतीवर फ्रेम केलेली होती. डिशवॉशरलाही काहीतरी होतं. जेवताना म्हातारा प्रत्येकाबद्दल बोलायचा तो असा, की सगळं शॉमबर्ग त्याच्या मांडीवर खेळून गेलंय. आणि मग तो वाडगा पुढे करून परीक्षितकडे वळायचा आणि म्हणायचा, “परीक्षित, आणखी घेणार?” क्ष तर असा यायचा की काय सांगावं. अख्ख्या इलिनॉयमध्ये कोणी ते नाव इतकं बिनचूक घेतलं नव्हतं, त्याच्या प्रेझेंटेशननंतरसुद्धा. परीक्षित, मीठ. परीक्षित, पाणी. घशाशी खसखस आली असताना परीक्षितला कळलं की आपल्याला आता नेत्रुश्काचं काही वाटत नाहीये. आपल्याला बंडीचा हेवा वाटतोय. बर्फ काढणाऱ्या माणसाचा. डिशवॉशरचा.

नेत्रा भांडी ठेवायला आत गेली तेव्हा म्हातारा खुर्ची पुढे ओढून त्याच्या जवळ आला. भिंतीतून ऐकू येणारी ती हीच कुरकुर. टेबलाच्या मागे एका बाईचा फोटो होता, वारा लागल्यासारखी मान वळवलेली. माझी बायको, म्हातारा म्हणाला, एर्झेबेत. पण एर्झेबेत तिला मी उभ्या संसारात फार थोड्या वेळा म्हणालो. सकाळी ती बोझी असायची, पाहुण्यांत एर्झी, आणि ज्या दिवशी काहीच बिघडलेलं नसायचं त्या दिवशी झोका. परीक्षितच्या डोळ्यांपुढे विनाकारण एक झोका हलला. “माझ्या तोंडून एर्झेबेत निघालं,” म्हातारा म्हणाला, “की ती कपाटातल्या चांगल्या बश्या लपवायची. पूर्ण नाव म्हणजे घरात वादळ.” मग त्याने दातांच्या डॉक्टरने दुखरा दात दाखवायला सांगावं तशा हलक्या आवाजात विचारलं, “माझं हे बोलणं बरं नव्हे. पण भिंत पातळ आहे, परीक्षित. इतकी वर्षं ऐकतोय. नेत्रा, नेत्रा, नेत्रा. सकाळी, संध्याकाळी. असं काय केलंय त्या मुलीने? जे असेल ते. माफ करून टाक तिला.”

परीक्षितने तोंड उघडलं. मी रागावलेलो नाही, हे वाक्य त्याच्याकडे तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. पण ते म्हणजे गैरसमज झालाय असं सांगणं, आणि टेस्टिंगच्या इतक्या वर्षांत एक गोष्ट त्याला कळली होती. वापरणाऱ्याला जे दिसतं तेच खरं असतं. म्हातारा पुढे म्हणाला की म्हणूनच मी तिला नेत्रुश्का म्हणतो, एका तरी घरात तिला ओरडा बसू नये, आणि हे तिलाही सांगितलंय. आणि तुला मी पूर्ण नावाने हाक मारतो, कारण ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला छोटं केलेलं चालत नाही. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. भूल न घेता दात काढून घेणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं काहीतरी होतं.

घर शेजारीच, पण परत जाताना परीक्षित वाटेत लेटरबॉक्सपाशी थांबला, रविवारी टपाल येत नाही तरी. त्याने लेटरबॉक्सचं दार उघडून आतल्या रिकाम्या जागेला विचारावं तसं विचारलं, “मी रागावलेलो नाही हे तू त्याला सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते,” नेत्रा म्हणाली. “मग वाटलं, कळलं तर तो नेत्रुश्का म्हणायचं बंद करेल.” तिने उरलेल्या गुंडाळ्यांचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “आणि मला तरी कुठे नक्की माहीत होतं.”

काय नक्की माहीत नव्हतं, हे त्याने विचारलं नाही, कारण ते कळायला नागपूर लागत होतं, आणि बोलता बोलता ती स्वतःच तिथे गेली. “लग्नात ताटात तू माझंच नाव लिहिलंस.”

“तूच म्हणाली होतीस नाव बदलणार नाही.”

“पासपोर्टवर म्हणाले होते,” ती म्हणाली. “तांदळात नाही. तांदूळ काय, नंतर डब्यात जातात. मला वाटलं होतं, काहीतरी लिहिशील. फक्त आपल्याला माहीत असेल असं. मी श्वास धरून बसले होते रे. आणि तू हजेरी घेतल्यासारखं नेत्रा लिहिलंस, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

परीक्षितने लेटरबॉक्सचं दार लावलं. नीट लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. मग, तोंड लपवायला पदर किंवा रुमाल काही जवळ नसल्यामुळे उघड्या तोंडानेच, तो म्हणाला, “लहानपणी मला घरी ढब्बू म्हणायचे.” एवढं बोलून तो गॅरेजकडे बघत राहिला. नेत्राचे खांदे हलत होते, आणि ते हसणं आहे की काय हे बघायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी तिने खिचडीसाठी तांदूळ मापले तेव्हा त्याने ते तिच्या हातातून घेतले आणि ओव्हनच्या ट्रेमध्ये पसरले, कारण त्यांच्या घरात परात नव्हती. अंगठी निघेना. लग्नानंतर बोट ढब्बू झालं होतं. साबण लावला, तूप लावलं, शेवटी तसंच बोट तांदळावर टेकवून त्याने अंगठीच्या कडेने लिहायला घेतलं. पहिलं नाव लिहिलं ते शंतनूच्या डेस्कवरून आल्यासारखं होतं, ते पुसलं. दुसऱ्याला श्का लागत होतं, तेही पुसलं. हात थांबला. नेत्रा ओट्याला टेकून उभी होती आणि तिने श्वास धरला होता, हे त्याला आता न बघताही कळत होतं, आणि एवढी साधी गोष्ट कळायला आपल्याला एक म्हातारा हंगेरियन लागला, म्हणून त्या म्हाताऱ्याचाही त्याला ओझरता हेवा वाटला. मग त्याने डोक्यातलं सगळं सोडून दिलं आणि लिहिलं. छोटं होतं. त्याला काही अर्थ नव्हता. ते नाव याआधी जगात कोणाचं असेलसं वाटत नव्हतं.

“वाच ना,” ती म्हणाली. “वाचून दाखवायचं असतं.”

त्याने तोंड उघडलं आणि समोरची भिंत बघितली. भिंतीपलीकडे खुर्ची कुरकुरली. परीक्षितने तोंड मिटलं, ओट्याला वळसा घातला, आणि बारशाला आत्या बाळाच्या कानाशी जाते तसा नेत्राच्या कानाशी जाऊन ते नाव इतक्या हळू म्हणाला की तांदळालाही ऐकू गेलं नसावं. आणि ती हसली. पोटाच्या बाजूने, वाटेत कुठेही न थांबता, इतक्या जोरात की भिंतीवर लगेच ठकठक झाली आणि पलीकडून काळजीचा आवाज आला, नेत्रुश्का, सगळं ठीक ना? सगळं ठीक, लात्सी बाची, असं ती डोळे पुसत ओरडली. मग तिने ट्रे उचलला, तांदूळ पातेल्यात ओतले, धुतले, डाळीबरोबर कुकरमध्ये घातले, आणि फोडणीचा डबा उघडून, भिंतीची काहीही पर्वा न करता, गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं, “ढब्बू, जिरं कुठे ठेवलंस?”

पलीकडची कुरकुर थांबली. मग भिंतीतून कोणीतरी नवं फळ चावून बघावं तसं हळूच ते म्हणून पाहिलं. “ढब्बू.” पुन्हा एकदा, जरा वेगळ्या बाजूने. आणि मग पूर्ण खात्रीने, आनंदाने, जणू हे नाव बुडापेस्टमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलंय अशा थाटात, “ढब्बुश्का!”

परीक्षितने जिरं काढून दिलं. ऐकू दे त्याला, सगळ्या शॉमबर्गला ऐकू दे, त्याला वाटलं. ते नाव घे म्हणावं. दुसरं कुकरमध्ये होतं, आणि झाकण लावलेलं होतं.